सगळे एकदम पोचले पाहिजेत

मंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लंडनमधल्या स्टॅनमोरच्या सलूनमध्ये खुर्चीत बसलो होतो आणि माझे निम्मे केस कापून झाले होते. स्क्रीनवर नेहाचं नाव दिसलं म्हणून गळ्याभोवतीच्या कापडाखालून हात बाहेर काढून फोन घेतला. नेहा म्हणजे मंदाची मुलगी. ब्रिस्टलला असते, विमानांचे पंख बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर आहे. जन्म इथलाच, त्यामुळे तिचं मराठी मंदाच्या शब्दांत सांगायचं तर ‘ब्रेक नसलेल्या सायकलसारखं’ चालतं. "श्रीकांतकाका," ती म्हणाली, "आई गेला." एरवी मी हसून तिला ‘गेली’ म्हणून दुरुस्त केलं असतं. "सकाळी किचनमध्ये पडला. पॅरामेडिक्स आले, पण इट वॉज टू क्विक... डॅडी ओके आहे. तुम्ही येता का?"

मी कापड काढलं, कोट घेतला आणि निघालो. मेडनहेडला मंदाच्या घरापर्यंतचा रस्ता कसा कापला ते आठवत नाही. मंदाच्या नवऱ्यानं, अरविंदनं, दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि त्याची नजर माझ्या डोक्यावर थांबली. एका बाजूचे केस अगदी बारीक, दुसऱ्या बाजूचे कानावर लोंबणारे. "हे काय रे?" त्यानं विचारलं. "अर्धवट राहिले," मी म्हणालो. तो चौकटीला टेकून हसायला लागला. म्हणाला, "मंदानं तुला दारातूनच परत पाठवला असता. म्हणाली असती, तुझी डावी बाजू पुढे निघून गेलीय, हँडिकॅप नीट लावून ये..." आणि मग त्यानं माझा कोट घेतला आणि दार लावलं.

सहा आठवडे झाले त्याला. तो हँडिकॅपचा विनोद ज्यांना कळला नसेल त्यांच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर माझ्या स्वतःसाठीही, मंदाबद्दल लिहायला बसलो आहे.

डॉ. मंदाकिनी ही भूल देणारी डॉक्टर आणि मी हाडांचा सर्जन. ती मिरजेची, मी पुण्याचा, गाठ पडली ती इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये. माझा तिथला पहिलाच आठवडा होता. कुणाचा तरी खुबा बसवत होतो, आणि सगळ्यांवर छाप पाडायच्या नादात माझ्या हातातली हातोडी निसटली. पेशंटच्या डोक्याशी लावलेल्या पडद्यापलीकडून एक आवाज आला, "डॉक्टर, तुम्ही मराठी का हो?" मी चमकून विचारलं, "कशावरून?" "हातोडी पडली तेव्हा जे म्हणालात, त्यावरून." त्या दिवसापासून पुढची सव्वीस वर्षं मी पडद्याच्या अलीकडे आणि ती पलीकडे. पहिल्या महिन्यातच ‘अहो-जाहो’ संपलं. तिची एकच गोष्ट सांगतो. माझा शेवटचा टाका पडायचा आणि पेशंट डोळे उघडायचा. आधी नाही, नंतर नाही. ऐंशी वर्षांच्या आजी असोत की रग्बी खेळणारा धिप्पाड गडी, प्रत्येकाचं वजन, वय, काळीज, भीती असं सगळं बघून ती असा काही हिशोब करायची की जागं होण्याची वेळ चुकायची नाही. पडद्यामागून अधूनमधून फक्त विचारायची, "श्रीकांत, किती?" मी म्हणायचो, "दहा मिनिटं." ती म्हणायची, "म्हणजे सोळा." आणि सोळाच लागायची.

माझ्या साठाव्या वाढदिवसाला बायकोनं आणि मुलांनी मला विमान चालवण्याच्या एका धड्याचं कुपन दिलं. त्यांचा हेतू चेष्टेचा होता. मी मात्र त्या दिवशी जमीन सोडली ती सोडलीच. मेडनहेडपासून अर्ध्या तासावर एक छोटा फ्लाइंग क्लब आहे. गवताची धावपट्टी, विमानं ठेवायचे पत्र्याचे दोन हँगर, एक लाकडी क्लबहाउस आणि सभासद बहुतेक माझ्यासारखेच, निवृत्त आणि हट्टी. दीड वर्षात लायसन्स मिळालं, मग एक जुनं दोन सीटचं विमान घेतलं. हा क्लब दर जुलैत एका रविवारी विमानांची शर्यत भरवतो. तीन वळणांचा कोर्स, म्हणजे ठरलेला मार्ग, त्याच्या चार फेऱ्या. पहिल्या वर्षी मी नुसता प्रेक्षक होतो. मंदाला आणि अरविंदला म्हटलं, या, मजा येईल. ते आले, थर्मास आणि घडीच्या खुर्च्या घेऊन. मजा अजिबात आली नाही. एक विमान बाकीच्यांच्या नऊ मिनिटं आधी आलं. उरलेली पोचेपर्यंत लोक सँडविच खायला आत निघून गेले होते.

मंदा उठली आणि तडक क्लबच्या अध्यक्षांपाशी गेली. पीटर त्यांचं नाव, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, सभ्य गृहस्थ. तिनं विचारलं, हे असं का झालं? त्यांनी ओशाळून सांगितलं, की ही हँडिकॅपची शर्यत असते. सगळ्यांची विमानं वेगवेगळी. म्हणून सगळ्यात हळू विमान सगळ्यात आधी सोडायचं, त्यानंतर थोडं वेगवान, आणि सगळ्यात वेगवान सगळ्यात शेवटी. कुणाला किती आधी सोडायचं हे बरोबर मोजलं, तर सगळी विमानं शेवटच्या रेषेवर एकदम पोचली पाहिजेत, आणि मग जो चांगला उडवेल तो नाकभर पुढे येईल. पण हे मोजणारे गृहस्थ मुलीकडे वेल्सला राहायला गेले, आणि यंदा पीटरनं आपलं अंदाजानं केलं होतं. मंदानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे डोस चुकलाय." घर आल्यावर अरविंदला म्हणाली, "अरे, हे माझंच काम आहे." तेव्हा ती नुकतीच निवृत्त झाली होती, आणि बागेत टोमॅटो लावून कंटाळली होती.

गंमत म्हणजे बाईंना विमानाची यत्किंचितही हौस नव्हती. मोठ्या विमानातून मुंबईला जातानासुद्धा तिला मळमळायचं. "मी लोकांना झोपवते आणि सुखरूप परत आणते. मी स्वतः कशाला वर जाऊ?" असं म्हणायची. पण हिवाळाभर तिनं क्लबच्या कपाटातली जुनी मिनिट-बुकं, म्हणजे सभांच्या नोंदवह्या, घरी नेऊन वाचून काढली. त्यातून तिला एक शोध लागला आणि तो तिनं मला सकाळी सात वाजता फोन करून सांगितला. "श्रीकांत, या लोकांचे क्लब विमानांच्या आधीपासून आहेत! बलूनमध्ये बसून हिंडणारे हौशी लोक होते, त्यांनी क्लब काढले. विमान नंतर आलं. आधी कमिटी, मग विमान! अगदी आपल्या मराठी मंडळासारखं." मग ती रंगून सांगायला लागली... सुरुवातीच्या शर्यतींत वळणाची जागा दिसावी म्हणून गवतावर पांढरी चादर अंथरायचे, चर्चच्या मनोऱ्यावर एखादा प्रामाणिक माणूस दुर्बीण आणि खिशातलं घड्याळ घेऊन बसवायचे, आणि पाऊस आला की तो माणूस खाली उतरून जायचा, मग कोण वळलं आणि कोण नाही यावर कमिटीत महिनाभर भांडण. ज्याचं इंजिन मोठं तो जिंकणार हे आधीच ठरलेलं असेल तर बघायला कोण येईल, म्हणून हँडिकॅप आला. मंदाला त्या चादरी अंथरणाऱ्या, घड्याळ धरणाऱ्या माणसांबद्दल फार जिव्हाळा वाटायला लागला. उडणाऱ्यांचे फोटो भिंतीवर आहेत, म्हणायची, आणि मोजणाऱ्यांची नावंसुद्धा कुणाला ठाऊक नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं क्लबचा ताबा घेतला असंच म्हणावं लागेल. वारा पडलेल्या सकाळी प्रत्येक पायलटला बोलावून पाण्याच्या टाकीपासून रेल्वेच्या पुलापर्यंत जाऊन परत यायला लावायची आणि खाली घडीच्या खुर्चीत बसून वेळ घ्यायची. एकदा एक महाशय मुद्दाम हळू उडवून आले, म्हणजे विमान संथ आहे असं दिसेल आणि शर्यतीत लवकर सुटायला मिळेल. खाली उतरले तर मंदा म्हणाली, "तुमचं इंजिन अजिबात दमलेलं वाटलं नाही. चहा घ्या आणि पुन्हा जाऊन या." ते बिचारे निमूटपणे गेले. शर्यतीच्या सकाळी ती वाऱ्याची दिशा बघून सगळे आकडे पुन्हा मांडायची, कारण समोरून वारा आला की संथ विमानाचे जास्त हाल होतात. अरविंद क्लबहाउसमध्ये चहाच्या मोठ्या भांड्यापाशी उभा राहून चटणी सँडविच वाटायचा. त्यानं कधी मान वर करून शर्यत बघितल्याचं मला आठवत नाही. पण नऊ मिनिटांचं ते अंतर पहिल्याच वर्षी दोन मिनिटांवर आलं, मग एका मिनिटावर. कोण जिंकलं याच्याशी मंदाला कर्तव्यच नसायचं. पहिला आणि शेवटचा यांच्यात किती सेकंद, एवढंच ती विचारायची.

आता मला जे सांगायचंय ते जरा अडचणीचं आहे. पण ते टाळून लिहिलं तर मंदा वरून पाच तरी प्रश्न विचारेल.

एका हिवाळ्यात मी माझ्या विमानाचा पुढचा पंखा बदलला. नव्या पंख्यानं विमान बऱ्यापैकी वेगानं जायला लागलं. असा बदल केला की मोजणाऱ्याला कळवायचं, हा नियम. मी मंदाला सांगितलं. कुठे, तर स्टॅनमोरला आमच्या एका मित्राच्या मुलीच्या लग्नात, जेवणाच्या रांगेत, ती अळूच्या भाजीकडे बघत असताना. ती "बरं" म्हणाली. तिनं ते लिहून ठेवलं नाही. जुलै आला. शर्यतीच्या सकाळी सुटण्याच्या वेळांचा कागद लागला, आणि मी माझ्या नावासमोरचा आकडा बघितला. तो जुन्या पंख्याचा होता. मला जेव्हा सुटायला हवं होतं त्याच्या जवळपास चाळीस सेकंद आधी मी सुटणार होतो. मला ते लगेच कळलं. मी तिथे उभा राहिलो, कागद पुन्हा वाचला... आणि विमानाकडे चालत गेलो. स्वतःला म्हणालो, मी तर सांगितलं होतं. सांगायचं काम केलंय.

मी जिंकलो. आयुष्यात कुठल्याही खेळात पहिल्यांदा जिंकलो. शाळेत कबड्डीत मला राखीव खेळाडूंच्याही मागे बसवायचे, त्या माझ्या हातात चांदीचा कप आला. माझी बायको फोटो काढत होती. दुसरी आली होती मार्गारेट, सत्तरीची निवृत्त लायब्ररियन, क्लबमधलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात संथ विमान तिचं. माझ्यामागे अकरा सेकंद. टाळ्या चालू होत्या आणि मंदा कागद घेऊन एका कोपऱ्यात बसली होती. मग ती उठून पुढे आली. म्हणाली, "मला माफ करा. निकाल चुकीचा आहे. श्रीकांतनं पंखा बदललाय हे त्यानं मला सांगितलं होतं. मी ते आकड्यांत धरलं नाही. चूक पूर्णपणे माझी आहे. मार्गारेट जिंकलीय." मार्गारेट मला म्हणाली, "चहा होईपर्यंत राहू दे तुझ्याकडेच, किती छान दिसतोय तुझ्या हातात." मी कप तिच्या हातात दिला आणि हसलो.

मंदावर मी सात महिने रागावलो होतो. खाजगीत सांगता आलं नसतं का? एवढ्या लोकांसमोर? तिनं दोनदा फोन केला, मी घेतला नाही. दिवाळीच्या फराळाला मंडळात आम्ही एकाच टेबलावर होतो, मध्ये अरविंद. तो बिचारा डावीकडून चकलीची थाळी घ्यायचा आणि उजवीकडे द्यायचा. "तिला विचार, चिवडा हवाय का," असं मी त्याला म्हणायचो. तो म्हणाला, "मी काय टपाल खातं आहे का?" तरी राग गेला नाही, कारण तो राग मंदावर नव्हताच, हे मला पुरतं ठाऊक होतं.

फेब्रुवारीत तिचा फोन आला. मी चुकून घेतला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "मला विमानात बसव. कोर्स वरून बघायचाय. वळणावर तुम्ही लोक किती वेळ घालवता ते खालून नीट कळत नाही. शनिवारी हवा चांगली आहे." ज्या बाईला लिफ्टमध्ये गरगरतं तिनं हे म्हणावं! शनिवारी ती आली. मळमळीची गोळी स्वतःच्या वजनाच्या हिशोबानं घेतलेली, खिशात तीन पिशव्या, गळ्यात घड्याळ. आम्ही वर गेलो. खाली हिवाळ्यातली तपकिरी शेतं, त्यात चांदीच्या तारेसारखी थेम्स. ती पांढरीफटक पडली होती, पण प्रत्येक वळणाला घड्याळ दाबून आकडा मोठ्यानं म्हणत होती. दुसऱ्या फेरीत, चर्चच्या वळणापाशी, मला राहवलं नाही. हेडसेटमधून म्हणालो, "मंदा, त्या दिवशी मी कागद वाचला होता. आकडा चुकलाय हे मला सुटायच्या आधीच कळलं होतं."

"माहितीय मला," ती म्हणाली.

"कसं?"

"सव्वीस वर्षं मास्कच्या वरचे तुझे फक्त डोळे बघितलेत मी. कागद वाचून वळलास ना, तेव्हाच कळलं काहीतरी दडवतोयस. काय ते कळायला शर्यत संपावी लागली."

"मग सगळ्यांसमोर सांगितलं का नाहीस?"

"मी लिहून ठेवलं नाही ही माझी चूक, ती मी सांगितली. तू गप्प बसलास ती तुझी. ती मी कशी सांगणार? ...थांब, पिशवी काढू दे." आणि तिनं अत्यंत नीटसपणे पिशवीत उलटी केली, तोंड पुसलं, पिशवीला गाठ मारली. "तुझ्या बोलण्यामुळे नाही हं. वळण फार तिरकं घेतलंस. सात सेकंद." घड्याळ तिनं तेव्हासुद्धा दाबलं होतं.

एप्रिलच्या मीटिंगमध्ये मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. मग पीटर अत्यंत मृदुपणे म्हणाले, "हो, तसं आम्हाला वाटलंच होतं. धन्यवाद, श्रीकांत. पुढचा विषय, टॉयलेटचं छप्पर." सगळ्यांना माहीत होतं! नऊ महिने ही मंडळी मला चहा देत होती, हवामानाबद्दल बोलत होती आणि कुणीही चकार शब्द काढला नव्हता. मंदा मागच्या रांगेत बसून खांदे हलवत हसत होती. घरी आल्यावर बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मलासुद्धा माहीत होतं. तू घोरत नव्हतास सात महिने."

त्या वर्षी मी शर्यतीत उतरलो नाही. आपणहून वळणावरचा पंच झालो. चर्चमागच्या कुरणात उभं राहायचं आणि प्रत्येक विमान खुणेच्या बाहेरून वळतंय ना हे बघून नोंद करायची. सोबतीला पन्नासेक मेंढ्या. आधी लांबून एकच बारीक गुणगुण ऐकू आली, मार्गारेटची, ती सगळ्यात आधी सुटलेली. मग बऱ्याच वेळानं दुसरं, मग तिसरं. प्रत्येक फेरीला ती जवळ जवळ यायला लागली. शेवटच्या फेरीला आठच्या आठ विमानं एका झुंडीनं माझ्या डोक्यावर आली, मेंढ्या उधळल्या, मी नंबर लिहिताना दोनदा पेन्सिल पाडली. आत बसून शर्यत केली तेव्हा मला यातलं काहीच दिसलं नव्हतं. ती मान खाली घालून महिनोन्‌महिने जे मोजत होती ते हे होतं. विमानं दिसेनाशी झाली आणि पाच मिनिटांत फोन वाजला. "श्रीकांत! चौदा! पहिला ते शेवटचा, चौदा सेकंद!" तिला धाप लागली होती. मी विचारलं, "जिंकलं कोण?" "थांब, विचारून सांगते," ती म्हणाली.

त्यानंतरची दहा-अकरा वर्षं आनंदात गेली. त्यांत सांगण्यासारखे पेच नाहीत. मी पुन्हा शर्यतीत उतरलो, कधी पाचवा आलो, कधी सातवा, कप पुन्हा मिळाला नाही. इथल्या एका मराठी कार्यक्रमात तिला ‘विमानाच्या शर्यतींचे शिल्पकार’ असं काहीतरी म्हणून शाल दिली, तेव्हा भाषणात तिनं एवढंच सांगितलं, की शिल्प वगैरे काही नाही, मी बेरजा करते. मिरजेहून आलेला भाचा क्लबवर आला आणि म्हणाला, मावशी, हे सगळं मोबाइलवर होईल की. ती म्हणाली, "होईल रे. पण मोबाइलला पीटर वळणावर घाबरतो हे कोण सांगणार?"

ती गेल्यावर पीटरनं मला फोन करून विचारलं, यंदा शर्यत रद्द करायची का. मी अरविंदला विचारायच्या आधीच नेहा म्हणाली, "कॅन्सल नाही. मी करते." ती ब्रिस्टलहून दर शनिवारी येऊन वेळा घ्यायला लागली. आईचे कागद तिनं घरी नेले होते. मराठी अक्षर लावता येईना की मला फोन. "काका, इथे लिहिलंय, ‘पी. वळणावर घाबरतो, वर्षाला एक सेकंद जास्त.’ हा डेटा आहे की जोक?"

"डेटा," मी म्हणालो. "माझ्यापुढे काय लिहिलंय?"

ती एकेक अक्षर लावत वाचायला लागली. "‘श्री... आता... हळू झालाय. त्याला... सांगू नये.’" मग तिच्या लक्षात आलं. "ओह. सॉरी, काका."

मी म्हटलं, "सॉरी काय त्यात, बरोबर आहे ते. तू आकड्यांत धर." यंदा मार्गारेट उडवत नाही, त्यामुळे सगळ्यात संथ मीच. नेहानं निशाण खाली आणलं आणि मी एकटा वर गेलो. मागे सगळे अजून गवतावर, पंखे फिरवत थांबलेले. पहिली फेरी जवळजवळ पूर्ण आभाळ माझ्या एकट्याचं होतं. सगळ्यात हळू असण्यात हेही मिळतं, हे मला शहात्तराव्या वर्षी कळलं. तिसऱ्या फेरीत डावीकडून एक सावली आली, मग उजवीकडून दुसरी. शेवटच्या रेषेवर सहाव्या नंबरावर पोचलो. उतरलो तर नेहा घड्याळाकडे बघत कपाळाला आठ्या घालून उभी होती. "एकतीस सेकंद," ती म्हणाली. "आई ओरडला असता." मी म्हणालो, पहिल्या वर्षी तिचं अंतर दोन मिनिटांचं होतं. तिनं ते ताबडतोब लिहून घेतलं.

गेल्या गुरुवारी अरविंदकडे गेलो होतो. आता तो एकटाच असतो, स्वयंपाक बरा करतो. चहा घेऊन मला वरच्या मजल्यावरच्या मंदाच्या खोलीत घेऊन गेला. खिडकीपाशी दोन खुर्च्या होत्या. वारा पूर्वेचा असला की हीथ्रोला उतरणारी मोठी विमानं त्या खिडकीतून एकामागून एक दिसतात, दिवे लावून, ओळीनं. अरविंद म्हणाला, मंदा संध्याकाळी इथेच बसायची आणि त्यांच्यातलं अंतर मोजायची, बरं जमतंय की नाही ते सांगायची. "मी स्वयंपाकघरातून ‘हो’ म्हणायचो," असं म्हणून तो जरा हसला. आम्ही चहा प्यायलो. बोलणं नेहाच्या नव्या घरावर गेलं, माझ्या गुडघ्यांवर आलं. बोलता बोलता तो मध्येच थांबला. त्याचा कप हातातच राहिला होता आणि तो खिडकीबाहेर बघत होता.

"हे जरा लवकर आलं नाही का रे?" तो म्हणाला.

मी बघितलं. "चार सेकंद असेल."

"पाच," अरविंद म्हणाला, आणि पुढच्या विमानाची वाट बघायला लागला.